तीन बाटल्या, एक डबा

बुधवार, ५ फेब्रुवारी

आलं ते: मानेचा पट्टा एक, २२० (दुकानदार अडीचशे म्हणत होता, मी उठून चालू लागले तेव्हा मागून हाक मारली). रबरी चेंडू दोन, एक मऊ, एक कडक, ३०. जाड दांड्याचा चमचा १२० म्हणाला, तो घेतला नाही. घरातल्याच चमच्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, खर्च शून्य. औषधाची बाटली एक, फुकट.

फुकट म्हटलं की मला आधी घाम फुटतो.

ह्यांना पडून दोन महिने झाले. कुणाच्या तरी झरोक्याचं कुलूप काढायला स्टुलावर चढले. स्टूल सरकलं, हनुवटी फळीवर आपटली आणि मान मागे गेली. एवढंच. रक्ताचा थेंब नाही. पाय महिन्याभरात परत आले, काठी घेऊन चालतात. हात मात्र रुसले. गावातलं असं कुलूप नाही जे ह्यांनी उघडलं नाही, आणि आज सदऱ्याचं बटण मी लावते. ह्यांचा हात परत यावा, एवढंच देवाकडे मागते. दुसरं काही मागायचं ठेवलेलंच नाही.

दवाखान्यात नवीन औषधाचा प्रयोग चालू आहे. तो बघणारे डॉक्टर उंच, बारीक आणि इतके कोवळे की सगळे त्यांना लहान डॉक्टरच म्हणतात. ते म्हणाले, "मावशी, हाताची नस तुटली तर हळूहळू वाढत परत येते. मानेच्या मणक्यात जो जाड दोर असतो ना, मज्जारज्जू, त्यातल्या नसा तशा येत नाहीत. वाढायला बघतात, पण तिथे शरीरच त्यांना सांगतं, थांबा."

हे म्हणाले, "म्हणजे कडी आतून लागलीय."

"अगदी तेच."

"मग किल्लीचा उपयोग नाही. आतल्याला पटवावं लागणार."

लहान डॉक्टर हसले. म्हणाले, "हे औषध आतल्याला पटवतं असं आम्हाला वाटतं. वाटतं हां, ठरलेलं नाही. आणि कडी निघाली तरी दार कुणीतरी ढकलावं लागतंच. हात वापरत राहिलात तर नवे धागे वाट धरतील. नुसती कॅप्सूल गिळून बसलात तर काही नाही."

इथवर सगळं ठीक होतं. मग म्हणाले, निम्म्या लोकांना खरं औषध मिळणार आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ कॅप्सूल, आत नुसती पिठी. कुणाला कुठली ते त्यांनाही ठाऊक नाही. बाटलीवर फक्त नंबर.

मी विचारलं, "पोकळ देता हे त्या माणसाला सांगत नाही?"

"आम्हालाच माहीत नसतं, मावशी. म्हणून तर निकाल खरा लागतो."

मॅट्रिकला मला विज्ञानात बऱ्यापैकी मार्क होते, पण हे काही डोक्यात शिरलं नाही. एका पंगतीला दोघं बसवायचे, एकाला जेवण वाढायचं आणि दुसऱ्याच्या पानावर नुसती झाकणी ठेवायची, आणि वर म्हणायचं, झाकण काढू नका.

कागदावर ह्यांनी अंगठा दिला. आयुष्यभर झोकदार सही करणारा माणूस. अंगठाही मीच धरून टेकवला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आता दर बुधवारी जायचं. आधी व्यायामाची खोली, मग नवी बाटली घ्यायची आणि जुनी रिकामी परत करायची. पुरुष आत, आम्ही बायका बाहेरच्या बाकावर.

बाकावर आणखी दोघी. एक मास्तरीणबाई. त्यांचे यजमान गणिताचे मास्तर, सायकलवरून पडले, खडू धरता येत नाही. दुसरी रंगाऱ्याची आई. तिचा मुलगा घरांना रंग देतो, परांचीवरून खाली आला, ब्रश धरता येत नाही. तिघांची दुखापत मानेची, तिघांचे पाय चालतात, तिघांचे हात लाकडाचे.

रंगाऱ्याच्या आईचं तोंड म्हणजे उघडी तिजोरी. बसल्या बसल्या म्हणाली, "माझ्या नशिबात पोकळच येणार. आजवर मी ज्या रांगेत उभी राहिले, तिथे माझा नंबर आला की माल संपलाय."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "असं म्हणू नये. शक्यता निम्मी निम्मी असते."

"तुमची निम्मी असेल बाई. माझी कायम दुसरी निम्मी."

मला वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं तर मनात हेही आलं की तिघांत कुणाची तरी पोकळ असायचीच असेल तर हिचीच असो, हिला सवय आहे. हे लिहिताना लाज वाटते. देवासमोर दिवा लावताना डोळे वर केले नाहीत.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज चव घेतली.

कल्पना रंगाऱ्याच्या आईची. "खरं औषध कडू असतं," ती म्हणाली, "आणि पिठी गोड. त्यात डॉक्टर कशाला हवा?" मास्तरीणबाई आधी नको नको म्हणाल्या आणि मग सगळ्यात आधी त्यांनीच कॅप्सूल उघडली. तिघींनी जिभेचं टोक लावलं. तीन बाटल्या, तीन बायका, नऊ वेळा जीभ. सगळ्या सारख्याच कडू. पिठीलाही कडू केलंय मेल्यांनी. लबाडी करावी तर कशी पक्की करतात बघा.

उघडलेल्या परत बंद करून बाटलीत टाकल्या. वाया काही घालवलं नाही.

माझ्या मांडीवर ह्यांच्या दुपारच्या भाताचा रिकामा डबा होता. तो बघता बघता मला सुचलं. मी म्हटलं, "तीन पोरं घरात आणि फळ एकच असलं तर आपण काय करतो?"

"फोडी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मग?"

रंगाऱ्याच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच देव आहे. डबा धुतला, पदराने कोरडा केला, तिन्ही बाटल्या त्यात ओतल्या, झाकण लावलं आणि खुळखुळ हलवलं. हात जोडले. मी मनात म्हटलं, देवा, तू घरचाच आहेस, जे ज्याचं त्याच्या वाट्याला घाल. मग तीन सारखे वाटे केले. आता कुणाच्याच बाटलीत सगळं पोकळ नाही. प्रत्येकाला थोडं थोडं खरं.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "पण तिघांचीही पोकळ असली तर?"

रंगाऱ्याची आई म्हणाली, "तर मग तिघं मिळून बुडू. एकटं बुडण्यापेक्षा बरं."

डॉक्टरांना सांगितलं नाही. खोटं बोलले असंही नाही. त्यांनी विचारलंच नाही.

बुधवार, ५ मार्च

लहान डॉक्टर रिकाम्या बाटल्या तपासतात, कुणी गोळ्या चुकवल्या का बघायला. आज म्हणाले, "बाकी लोकांच्या बाटलीत चार-दोन उरलेल्याच असतात. तुम्हा तिघांचा हिशेब चोख. सगळे पेशंट असे असते तर काय हवं होतं!"

रंगाऱ्याच्या आईला ठसका लागला. मी तिच्या पाठीवर जरा जोरातच थोपटलं.

डॉक्टर चहा प्यायला आमच्याच बाकावर येतात. बिस्कीट चहात बुडवतात, ते दर वेळी तुटून आत पडतं. मी म्हटलं, "एवढे शिकलात, बिस्कीट कधी काढायचं ते नाही शिकलात?" तर म्हणाले, "त्यावर अजून प्रयोग झालेला नाही, मावशी." गुणी मुलगा आहे. आई लांब असते त्याची.

पुरुषांचं वेगळंच चाललंय. ह्यांनी दुकानातली जुनी कुलपं पिशवीत घालून न्यायला लावली. मला वाटलं विकायची असतील. आत जाऊन बघते तर मास्तर, रंगारी आणि हे टेबलाभोवती, प्रत्येकापुढे एक कुलूप, आणि पैज. हरेल त्याने जिंकणाऱ्याच्या पायात चप्पल घालून द्यायची. बोटं वळत नाहीत, किल्ली दहा वेळा पडते, मग दातात धरतात, मनगटाने ढकलतात, एकमेकांना शिव्या घालतात. रंगारी ह्यांना म्हणत होता, "काका, तुमच्याने होत नसेल तर चोर बोलावू का?" आणि मास्तर एका बाजूला मान खाली घालून घाम गाळतायत, जणू परीक्षेला बसलेत.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना मी म्हटलं, "तुम्ही काही बोलत नाही?" तर त्या नुसत्या हसल्या. पगार घ्यायचा आणि हसायचं.

बुधवार, १९ मार्च

डब्याला गुण आहे!

सकाळी मी वरणाला फोडणी देत होते. मागे वळले तर ह्यांच्या सदऱ्याचं वरून दुसरं बटण लावलेलं. मी लावलं नव्हतं. आंघोळीला जायच्या आधी त्यांनी ते परत काढलं आणि परत लावलं. मी भिंतीआडून बघत होते. वरण करपलं. (डाळ वाया, पण आज लिहून ठेवत नाही.)

बाकावर सांगितलं तर मास्तरीणबाई म्हणाल्या, मास्तरांनी पाटीवर एक काढला. "एकच, पण सरळ." रंगाऱ्याच्या आईने सांगितलं की तिच्या लेकाने तिला चिमटा काढला. दंडावरचा डाग दाखवत होती, जणू बांगडी दाखवतेय.

डबा मी आता देवाशेजारी ठेवते. मंगळवारी घासून, पुसून. बाकी सगळ्याची नोंद असते माझ्याकडे, ह्या डब्यातून कुणाच्या वाट्याला काय गेलं त्याची मात्र मुद्दामच ठेवली नाही. त्याचा हिशेब ज्याचा त्याने बघावा.

एकच त्रास आहे. कुलपांचं खूळ घरापर्यंत आलंय. दिवसभर खुळखुळ, खुळखुळ. डोकं उठतं माझं. "अहो, औषध चाललंय ना? मग जरा पडा की," म्हटलं, तर म्हणतात, "मास्तर माझ्या पुढे गेलाय. बुधवारी नाक कापेल."

बुधवार, २ एप्रिल

ह्यांनी किल्ली फिरवली. पितळी कुलूप, जुनं, घट्ट. अंगठा आणि पहिलं बोट. कट् असा आवाज आला आणि व्यायामाच्या खोलीत सगळे ओरडले. मास्तरांनी खाली बसून ह्यांच्या पायात चप्पल घातली, स्वतःच्या हातांनी. त्यांना चपलेचा पट्टा धरता येत होता, हे आम्हाला तेव्हा दिसलं.

ह्यांचे डोळे भरले होते. मला म्हणाले, "धूळ आहे इथे."

तिघांच्याही रक्ताचे नमुने घेऊन कुठे तरी पाठवले. कशाला ते विचारलं नाही. देताहेत फुकट तर दोन थेंब घेईनात का.

बुधवार, १६ एप्रिल

आज बिस्कीट नाही, चहा नाही. लहान डॉक्टर बाकावर आले आणि नुसते बसले. डोळे लाल.

औषधाच्या कंपनीकडून एक तपासणीच्या बाई आल्या आहेत. तिघांच्याही रक्तात औषध सापडलं, आणि नंबरांप्रमाणे तसं सापडायला नको होतं. म्हणजे बाटल्यांची अदलाबदल झाली, आणि बाटल्या देणारे कोण? लहान डॉक्टर. "मी प्रत्येक नंबर दोनदा बघून दिलाय, मावशी," ते म्हणाले. "झोपेतही नंबरच दिसतात मला. पण त्या म्हणतात, निष्काळजीपणा. कदाचित ह्या कामातून काढतील. कदाचित दवाखान्यातूनही."

आम्ही तिघी भिंतीकडे बघत राहिलो.

ते उठून गेल्यावर रंगाऱ्याची आई पुटपुटली, "म्हणजे खरं होतं तर! तिघांपर्यंत पोचलं!" मग तिचा चेहरा पडला. "सांगितलं तर आपलं बंद होईल."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "आणि न सांगितलं तर?"

"तर काय? तो तरुण आहे, शिकलेला आहे, दुसरीकडे लागेल. माझं पोर दुसरीकडे कुठे लागणार ब्रशाशिवाय?"

तिचं चूक आहे असं मला म्हणता आलं नाही.

गुरुवार, १७ एप्रिल

दिवसभर काही लिहिण्यासारखं झालं नाही, फक्त मन खात राहिलं. ह्यांचा हात की दुसऱ्याच्या लेकाची नोकरी. ह्यांनी आज स्वतःचा पेला धरला आणि सोडून दिला, फुटला. मला फुटलेल्या पेल्याचा आनंद झाला, कारण फुटायला आधी धरावा लागतो. अजून थोडे आठवडे मिळाले तर पुरा हात येईल.

देवाला विचारलं. देव गप्प. देव अशा वेळी नेहमी गप्प असतो. त्याला माहीत असतं की आपल्याला उत्तर माहीत आहे, उगाच कशाला तोंड उघडायचं.

शुक्रवार, १८ एप्रिल

डबा घेऊन गेले. दोघींना निरोप दिला होता, येतील असं वाटलं नव्हतं. मास्तरीणबाई इस्त्रीची साडी नेसून दारात उभ्या. रंगाऱ्याची आई पाच मिनिटं उशिरा आली आणि म्हणाली, "मी फक्त बघायला आलेय."

तपासणीच्या बाई चष्म्याच्या, माझ्याच वयाच्या. टेबलाच्या अलीकडे लहान डॉक्टर, अपराध्यासारखे.

मी डबा टेबलावर ठेवला. म्हटलं, "डॉक्टरांनी काही केलेलं नाही. आम्ही केलं."

"काय केलंत?"

"एकत्र केलं."

"काय एकत्र केलं?"

"तिन्ही बाटल्या. ह्यात. दर बुधवारी. आणि सारखे वाटे घातले."

त्यांनी झाकण काढून डब्यात बघितलं. मग म्हणाल्या, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"ह्यात सांगायचं काय असतं? तुम्ही तुमच्या पोरांत वाटून देत नाही?"

"हे औषध आहे, बाई. फळ नव्हे."

"म्हणून तर जास्तच सारखं वाटलं."

रंगाऱ्याची आई मागून म्हणाली, "आणि ढवळलं नाही बरं का. डाव घातला नाही, स्वच्छ डबा, नुसता हलवला." जणू ह्याने गुन्हा अर्धा होतो.

तपासणीच्या बाईंनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. खांदे हलत होते. मला वाटलं रडतात. मग कळलं, हसतायत. पण हसून झाल्यावर चेहरा गंभीर केला आणि नीट समजावलं. आमच्या तिघांचे हात सुधारले, पण अशा दुखापतीत पहिले काही महिने बऱ्याच जणांचे हात आपोआप थोडे सुधारतातच. आता सुधारणा औषधाची, की आपोआपची, की व्यायामाची, हे कुणालाच कधी सांगता येणार नाही. आमच्यामुळे. आमच्या तिघांचे आकडे फेकून द्यावे लागणार, आणि त्या आकड्यांवर पुढच्या कितीतरी पडलेल्या माणसांचं औषध ठरायचं होतं.

मी म्हटलं, "बरं झालं ते झालं ना? कशाने झालं ह्याची पावती कशाला हवी?"

"पुढच्या माणसाला द्यायला," त्या म्हणाल्या.

घरी येऊन देवाची क्षमा मागितली, त्या पुढच्या माणसाबद्दल. तो कोण, कुठला, माहीत नाही. त्याच्या बायकोचाही विचार मनात आला.

बुधवार, २३ एप्रिल

तिघांची नावं प्रयोगातून काढली. औषध बंद, व्यायाम तेवढा चालू. लहान डॉक्टरांची नोकरी राहिली, पण बदली झाली, दुसऱ्या गावच्या दवाखान्यात. निरोप घ्यायला बाकावर आले. रागावलेले नव्हते. म्हणाले, "मावशी, तुम्ही सांगितलं नसतं तर मी संपलो असतो. तुम्ही हलवलं नसतं तर हा प्रश्नच आला नसता. कुठलं आधी मोजायचं ते मला कळत नाही."

मी विचारलं, "कुणाची बाटली खरी होती?"

"सगळीकडचा प्रयोग पुरा झाला की पाकिटं उघडतील. तेव्हा मला कळेल." पत्ता लिहून दिला. "हात मात्र वापरत राहा. जे पोटात गेलं ते गेलं, आता दार ढकलायचं काम तुमचं."

त्यांच्या पिशवीत बिस्किटांचे दोन पुडे घातले. नाही म्हणत होते.

बुधवार, ३० एप्रिल

बाकावर महायुद्ध.

रंगाऱ्याच्या आईने सुरुवात केली. "खरी बाटली आमचीच होती. पोराला पहिल्याच आठवड्यात हाताला मुंग्या आल्या होत्या, वाटायच्या आधी. माझ्या पोराच्या तोंडचा घास तुम्ही दोघींनी खाल्लात."

मास्तरीणबाई, ज्यांनी आजवर आवाज चढवला नव्हता, म्हणाल्या, "तुमची? तुमच्या नशिबात पोकळ येतं असं तुम्हीच म्हणाला होतात! आमच्या मास्तरांनी सगळ्यांत आधी एक काढला. ते आमच्याच औषधाचं."

मीही काही कमी नाही. मी म्हटलं, "डबा माझा होता!" ज्याचा कशाशी काही संबंध नाही.

रंगाऱ्याची आई म्हणाली, "डबा घाला चुलीत! भिकेला लावलंत." आणि उठली. जाता जाता व्यायामाच्या बाईंना सांगून गेली, पुढच्या आठवड्यापासून आम्ही शुक्रवारी येऊ. मास्तरीणबाईंनी सोमवार मागून घेतला. बुधवार आम्हाला राहिला.

एका डब्यातलं खाल्लं, त्याचं हे फळ.

बुधवार, १४ मे

एक बरं झालं, घरातली कुलपांची खुळखुळ थांबली. पिशवी दाराआड पडून आहे. माझं डोकं दुखायचं राहिलं.

बाकी काही बरं नाही. हे व्यायामाच्या खोलीत एकटेच बसतात, चेंडू तीनदा दाबतात आणि खिडकीबाहेर बघतात. मी म्हटलं, "अहो, करा की जरा." तर म्हणाले, "कुणासाठी?" कुणासाठी म्हणजे काय? हात स्वतःचा आहे.

मग म्हणतात, "आपलीच बाटली पोकळ असणार. मी पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. जे काय आलं ते त्या दोघांच्या औषधाचं उष्टं. आता ते बंद झालं, आता ओसरणार." आणि खरंच ओसरायला लागलंय. काल पितळी कुलूप पुढ्यात ठेवलं तर किल्ली धरली आणि तशीच ठेवून दिली. बटण परत मी लावते.

व्यायामाच्या बाई म्हणाल्या, मास्तरांचं आणि रंगाऱ्याचंही तसंच चाललंय. दोघंही येतात, बसतात, विचारतात, "कुलूपवाले कुठल्या दिवशी येतात?" आणि जातात.

हे सगळं मनाने घेतलंय. माणसाला वाटलं आपल्या पोटात पोकळ गेलं, की तो आतून पोकळ होतो. औषधापेक्षा हाच रोग मोठा.

शुक्रवार, १६ मे

दोन दिवस विचार केला आणि पत्र टाकलं. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवायची मला सवय आहे, म्हणून इथे उतरवते.

"लहान डॉक्टरांस अनेक आशीर्वाद.

तुमची तब्येत बरी असेल. नवीन ठिकाणी चहा बरा मिळतो का? बिस्कीट पूर्ण बुडवू नका, अर्ध्यावर काढावं.

पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही गेल्यापासून आमचं बाकावरचं सगळं मोडलं. प्रत्येकीला वाटतं आपली बाटली खरी होती आणि बाकीच्यांनी लुटलं. आणि त्या तिघा पुरुषांना उलटंच वाटतं, की आपली पोकळ होती आणि दुसऱ्याच्या जिवावर दोन दिवस बरे झालो. ह्यांनी हात टाकून दिलाय. बाकीच्या दोघांनीही टाकलाय असं कळतं. तुम्ही म्हणाला होतात दार ढकलत राहायचं, पण आता ढकलणारंच कुणी उरलं नाही.

तरी माझी एक विनंती आहे. सोबत तीन पाकिटं पाठवत आहे. पत्ते मी घातलेत, तिकिटं लावलीत, तुम्हाला खर्च नाही. त्यात तिघांना वेगवेगळं पत्र घाला. तिन्हींत एकच मजकूर. 'तुमचीच बाटली खरी होती, बाकीच्या दोघांना तुमच्यामुळे गुण आला. मात्र हे त्यांना सांगू नये, त्यांना वाईट वाटेल.'

ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे. ती सोडू नये. म्हणजे कुणी कुणाला विचारणार नाही.

खोटं लिहायला सांगते असं वाटत असेल तर मीही विचार केलाय. पाकिटं अजून उघडलेली नाहीत, म्हणजे तिघांपैकी कुणाची तरी खरी असणारच, तेवढं तर रक्तातच सापडलंय. राहिलेल्या दोघांपुरतं जे पाप लागेल ते माझ्या खात्यावर मांडा, देवाशी मी बोलून घेईन. तुम्ही निम्म्या लोकांना पिठी देताच की, आणि ती कडू करून देता. माझी पिठी गोड आहे, एवढाच फरक.

दोघींचे स्वभाव मी ओळखते. ज्या बाईला वाटतं मी दिलं, तिला भांडायचं कारण राहत नाही. तिला नुसतं मोठेपण पुरतं. दोघीही मोठ्या मनाने मला क्षमा करतील आणि बुधवार परत मागून घेतील. मीही करीन. पुरुष तर काय, त्यांना नुसतं समोरासमोर बसवलं की झालं.

आमच्या पाकिटावर मी यजमानांचं नाव घातलंय. ते स्वतः वाचतील, फोडतीलही स्वतःच, वेळ लागला तरी मी मदत करणार नाही. त्यांना ह्या पत्राबद्दल काही ठाऊक नाही, ठाऊक होऊ नये. आणि पुढे कधी खरं काय ते तुम्हाला कळलं तरी मला कळवू नका. माझ्या तोंडावर लगेच दिसतं. मीही आमच्या पत्रावर विश्वास ठेवायचं ठरवलंय, तेव्हा ते जरा मनापासून लिहावं.

पुढच्या आठवड्यापर्यंत तिन्ही पत्रं पोचली तर फार बरं होईल. शाई एकच वापरली तरी चालेल, पण पत्रं एकाच दिवशी टाकू नयेत, रंगाऱ्याची आई शिक्का बघते. आपण हे कराल की नाही, तेवढं मला वेगळ्या कार्डावर उलट टपाली कळवावं."